डाइव्हिंगला ॲल्युमिनियमच्या टँकवरून स्टीलवर जाताय: वेट्स (कमरेची शिशाची वजनं) किती काढायची?

निळाई

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात मी आणि नवरा माल्टाला चाललोय, त्यासाठी हा प्रश्न. आत्तापर्यंत माझं सगळं डाइव्हिंग अंदमानातल्या हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) झालंय. कोर्स तिथेच केला, नंतरही सुट्टी मिळाली की तिथेच पळायचं. नेहमी तोच ॲल्युमिनियमचा टँक, ज्याला सगळे एटी (८० घनफुटी) म्हणतात, तोच ३ मिमी फुल सूट आणि कमरेला ५ किलो. कधी विचार करावाच लागला नाही.

आता नोकरीमुळे म्युनिकला आहोत. माल्टाच्या डाइव्ह सेंटरला मेल केली, तर उत्तर आलं की टँक स्टीलचे, १२ लिटर, हवेचा दाब २३२ बार. सूट ५ मिमी. वेट्सचं इथे आल्यावर बघू. ‘बघू’ ठीक आहे हो, पण बोटीवर आठ जण खोळंबलेत आणि मी एकटी वेट्स काढ-घाल करतेय, हे मला नको आहे. निदान अंदाज तरी घेऊन जावा.

ऑफिसातला एक जण म्हणतो, दोन्ही टँक जमिनीवर सारखेच, पंधरा किलोच्या आसपास भरतात, तेव्हा काही बदलू नकोस. नवऱ्याचा मित्र म्हणतो, स्टील आलं की सरळ ३ किलो काढून टाक. म्हणजे ५ चे २. दोघंही छातीठोकपणे सांगतात. कुणाचं ऐकू?

माझं वजन ६२, उंची पाच फूट चार. आणखी एक सांगायचं म्हणजे डाइव्हच्या शेवटी, टँक रिकामा होत आला की माझा पार्श्वभाग वर जायला लागतो आणि सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधीचा ५ मीटरवरचा थांबा) मी पाय मारत बसते. स्टीलने हे थांबेल का?

तारकर्लीकर

ताई, स्टीलच्या टँकबद्दल मी काय सांगणार! आमच्या किनाऱ्यावर ॲल्युमिनियमच. पण तुमच्या त्या ५ किलोंबद्दल मला एक शंका आहे, ती विचारतो.

हे ५ किलो कुणी ठरवले? कोर्सला इन्स्ट्रक्टरने बांधले ते तसेच चालू राहिले का? असं विचारतोय कारण आम्ही हौशी पाहुण्यांना पाण्यात नेतो तेव्हा एक-दोन किलो जास्तच बांधतो. घाबरलेला माणूस छातीत श्वास कोंडून धरतो आणि बुचासारखा वर येतो, तेव्हा त्याला खाली ठेवायला वजन लागतं. चार डाइव्ह झाल्या की श्वास सुटतो, पण बेल्ट तोच राहतो. मी सराव झालेली माणसंसुद्धा बघितलीत, कोर्सच्या दिवसाचं शिसं वर्षानुवर्षं वागवणारी.

आधी ते ५ खरे आहेत का बघा. नाहीतर चुकीच्या आकड्यातून बरोबर आकडा वजा करून काय मिळणार?

बुडबुडा

एवढं गणित कशाला? ५ आहेत ते ५ असू द्या. जड झालं तर बीसीडीत (अंगातल्या फुगवायच्या जाकिटात) हवा भरायची, त्यासाठीच ती दिलीय. हलकं होऊन वर फेकलं जाण्यापेक्षा जड बरं.

खोलपाणी

निळाई, दाबाखालचे सिलिंडर तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे आणि सुट्टीतही मी त्यांच्याच नादात असतो, तेव्हा उत्तर जरा लांबेल. चहा घेऊन बसा.

पहिलं तुमच्या ऑफिसातल्या मित्राचं. त्याचा आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चूक. जमिनीवरचं वजन पाण्यात उपयोगाचं नाही. टँक किती पाणी बाजूला सारतो ते लागतं. ॲल्युमिनियम हलकं आणि नरम, म्हणून त्याच्या टँकची भिंत जाड ठेवावी लागते. आत जेमतेम ११.१ लिटर जागा, पण बाहेरून मोजलं तर साडेसोळा लिटरच्या आसपासचं धूड. स्टीलची भिंत पातळ. आत १२ लिटर, आणि बाहेरून चौदाच्या आत. व्हॉल्व्ह धरून दोघांचं वजन पंधरा-सव्वापंधरा किलो. वजन तेच, आकारात अडीच लिटरचा फरक. हा अडीच लिटरचा फरकच तुम्हाला वर उचलतो किंवा उचलत नाही.

हे स्वतः काढता येतं. टँकच्या खांद्यावर, व्हॉल्व्हखाली, ठसे मारलेले असतात. युरोपातल्या सिलिंडरवर आतली जागा लिटरमध्ये, रिकामं वजन किलोमध्ये, भरण्याचा दाब २३२ आणि चाचणीचा दाब ३४८ असे आकडे दिसतील. रंगाचे थर चढले असतील तर बोट फिरवून वाचा. मग वजनाला ७.८ ने (स्टीलच्या घनतेने) भागायचं, हा झाला स्टीलचा आकार. त्यात आतली जागा मिळवायची, समुद्रासाठी १.०२५ ने गुणायचं आणि त्यातून टँकचं वजन व व्हॉल्व्हचे पाऊण-एक किलो वजा करायचे.

समजा ठसा सांगतो १२ लिटर आणि १४.५ किलो. आकार १३.८६ लिटर, त्याने सारलेलं पाणी १४.२ किलो, टँक-व्हॉल्व्ह मिळून १५.३. म्हणजे पूर्ण रिकामा असतानाही तो एक किलोने खाली ओढतो. तेच तुमच्या एटीचं करा, फक्त ७.८ च्या जागी २.७ घ्या. सारलेलं पाणी १६.८, वजन १५. रिकामा झाल्यावर तो पावणेदोन किलोने वर उचलतो. तुमचा पार्श्वभाग कोण वर नेतं ते कळलं का?

रिकाम्याची तुलना रिकाम्याशी करायची, हे या सगळ्यातलं मुख्य. उणे एक आणि अधिक पावणेदोन, फरक पावणेतीन ते तीन किलो. म्हणजे नवऱ्याच्या मित्राचा आकडा हवेतला नाही. पण तो फक्त टँकचा हिशेब आहे, आणि तुमचा फक्त टँक बदलत नाहीये. सूट बदलतोय, समुद्रही बदलतोय.

सूटचं बघा. ३ चा ५ मिमी झाला, म्हणजे सगळ्या अंगावर २ मिमी निओप्रीन (सूटचं फोमसारखं रबर) वाढलं. तुमच्या अंगाचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटरच्या आत-बाहेर असेल, म्हणजे तीन-साडेतीन लिटर जादा फोम. त्याचं स्वतःचं वजन वजा करा, ५ मीटरवर तो दबतो तेही धरा. तरी दीड-दोन किलोने तो वर उचलणार. भाड्याचा सूट जुना, बसलेला असेल तर थोडं कमी. नवा कोरा मिळाला तर दोनाच्या वरही जाईल.

आता समुद्र. अंदमानच्या समुद्रात इरावतीसारख्या मोठ्या नद्यांचं गोडं पाणी येतं, त्यामुळे तिथली क्षारता कमी, हजारी ३२-३३ च्या घरात, शिवाय पाणी कोमट. भूमध्य समुद्रात बाष्पीभवन जास्त आणि नद्या कमी. माल्टाजवळ ३८ च्या आसपास, आणि मे महिन्यात पाणी १८-१९ अंश. तुम्ही आणि तुमचं सामान मिळून ९५ किलोच्या आसपास धरलं, तर नुसत्या खारटपणाने आणि गारव्याने अर्धा किलो जास्त लागेल.

म्हणजे टँकचे उणे ३, सूटचे अधिक २, मिठाचा अधिक अर्धा. बाकी राहतो उणे अर्धा किलो. मित्राचं ऐकून २ किलोवर गेला असता तर ५ मीटरवर स्टॉपला थांबणं मुश्किल झालं असतं, आणि दोष बिचाऱ्या टँकला दिला असता.

मात्र तारकर्लीकरांची शंका मला अगदी पटली. मुळातले ५ बरोबर होते का? तेव्हा सांगा: हॅवलॉकला स्टॉपवर, ५० बारच्या आसपास हवा उरली असताना, तुमची बीसीडी पूर्ण रिकामी असायची की तीत थोडी हवा ठेवावी लागायची?

बुडबुडा, तुमच्याशी नंतर बोलतो.

निळाई

बाप रे, इतकं सविस्तर! धन्यवाद दादा.

आठवून सांगते. स्टॉपला बीसीडी पूर्ण रिकामी नसायची. तिच्या नळीवरचं हवा सोडायचं बटण दाबलं की अजून बुडबुडे निघायचे आणि मग मी हळूहळू खाली जायला लागायचे. म्हणजे पार्श्वभाग वर आणि मी खाली, असं दोन्ही. आणि हो, ५ किलो कोर्समधलेच. तारकर्लीकर, तुम्ही मनकवडे आहात.

खोलपाणी

दादा नको, काका म्हणा. डोक्यावरचे केस केव्हाच वर तरंगत गेलेत.

शेवटी टँक हलका झालेला असताना, बीसीडीत हवा असताना तुम्ही स्थिर, आणि ती काढली की खाली. म्हणजे किलोभर शिसं जादा होतं. तुमचा हॅवलॉकचा खरा आकडा ४. त्यातून ३ गेले, २ आले, अर्धा आला. साडेतीन. भाड्याची वेट्स एक-दोन किलोच्या लगडीत मिळतात, तेव्हा ४ ने सुरुवात करा.

वर उठणाऱ्या पार्श्वभागाचं कारण कदाचित हेच असेल: शेपटीला रिकामा होत चाललेला ॲल्युमिनियमचा टँक. स्टीलमध्ये हा गुन्हेगार जातो.

आता तपासायचं कसं. पृष्ठभागावर टँक भरलेला असताना तपासलं तर तो हवेचं वजन घेऊन बसलेला असतो हे विसरू नका. हवा लिटरला १.२ ग्रॅम. १२ लिटर गुणिले २०० बार म्हणजे २४०० लिटर, जवळजवळ २.९ किलो. ५० बारवर यायचं तर त्यातले दोन किलोच्या वर श्वासावाटे निघून जातात. म्हणून सुरुवातीला डोळ्यांपर्यंत पाणी येऊन तरंगलात तर खूश होऊ नका. तुम्ही दोन किलोने हलक्या आहात, शेवटी वर फेकल्या जाणार. खरी परीक्षा पहिल्या डाइव्हच्या शेवटी. ५० बार, ५ मीटर, बीसीडी पूर्ण रिकामी, हातपाय शांत. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली, हे जमलं की तुमचा आकडा सापडला. पहिली डाइव्ह दोरीजवळ किंवा खडकाच्या उताराजवळ करा, म्हणजे हलक्या निघालात तर हात टेकता येईल. बडीच्या (डाइव्हमधल्या जोडीदाराच्या) खिशात एक किलो जादा ठेवा. तो मागायला लाजू नका.

भरलेला स्टीलचा टँक सुरुवातीला चारेक किलोने ओढतो. एटी एक किलोही ओढत नाही. उतरताना सवयीपेक्षा जास्त वेगाने खाली जाल. हवा थोडी थोडी आणि लवकर भरायला लागा. तळ दिसल्यावर भरू, असं नको.

आता बुडबुडा. जादा प्रत्येक किलोला बीसीडीत जादा एक लिटर हवा लागते. ती हवा गप्प बसत नाही. १० मीटरवरचे ३ लिटर ५ मीटरवर ४ होतात आणि वर येईपर्यंत ६. म्हणजे तुमच्या सल्ल्याने जड केलेला माणूस नेमका शेवटच्या दहा मीटरमध्ये वर फेकला जायला लागतो, ज्याची तुम्हाला भीती होती तेच. शिवाय तो उभाच्या उभा पोहतो, पाय मारून दमतो, हवा लवकर संपवतो. नव्या ठिकाणी अर्धा-एक किलो जड असलेलं बरं, इथपर्यंत मी तुमच्या बाजूने आहे. तीन किलोला नाही.

बुडबुडा

मी आपला सर्वसाधारण सांगितलं हो. ५ मीटरवर ४ होतात हे मात्र कधी असं आकड्यात बघितलं नव्हतं. पटलं.

ईसारकाठ

निळाई, मीही म्युनिकलाच. वेटच्या सरावासाठी माल्टाच्या आधी इकडच्या वाल्शेनझे तलावात एक डाइव्ह मारू असं तुमच्या मनात येईलच, मला आलं होतं. स्टीलच्या टँकची सवय करायला जरूर जा, इकडे सगळीकडे तेच असतात. पण वेट्सचा आकडा तिकडून उचलून माल्टाला नेऊ नका. तलावाचं पाणी गोडं, त्यामुळे तिथे शिसं कमी लागतं. समुद्रात त्यावर दोन-अडीच किलो चढतात. आणि मे महिन्यात त्या तलावात ५ मिमी सूटमध्ये उतराल तर दहा मिनिटांत दात वाजतील. जास्त जाड सूट घातलात की पुन्हा तुलना बिघडली.

दुसरं, तुमचा स्वतःचा रेग्युलेटर (टँकला जोडून श्वास घ्यायचं साधन) असेल तर तो योक (व्हॉल्व्हवर पकडीसारखा बसणारा) आहे की डिन (व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी बसणारा) ते बघा. हॅवलॉकहून आलेला म्हणजे बहुधा योक. इकडे डिन जास्त. कित्येक व्हॉल्व्हमध्ये स्क्रू करून काढता येणारा इन्सर्ट असतो, तो असला की योकही बसतो. सेंटरला आधीच विचारा.

माल्टातल्या चिरकेवाला जाणार असाल तर पी-२९ बघा. २००७ मध्ये मुद्दाम बुडवलेली माल्टाची गस्ती बोट, मूळची पूर्व जर्मनीतली. आपल्या सध्याच्या गाववाल्यांची म्हणायची!

खोलपाणी

ईसारकाठ, मुद्द्याचं बोललात. त्यात एक भर. टँकची जाडीही वेगळी असते. एटीचा व्यास १८४ मिमी. १२ लिटर स्टील लांब असेल तर १७१, आखूड असेल तर २०३ च्या पुढे. तुमची बीसीडी स्वतःची असेल तर पट्टा एटीच्या मापाला लावलेला असणार. १७१ च्या टँकवर तो कसल्यासारखा वाटतो, पाण्यात भिजला की ढिला पडतो आणि टँक हळूच खाली घसरतो. पट्टा आधी पाण्यात भिजवून घ्या, बकलमधून नव्याने ओवून ओढा आणि मग बीसीडी धरून टँक उचलून बघा. घसरला नाही पाहिजे.

स्टीलचा बूड गोल असतो म्हणून खाली प्लास्टिकचा बूट. बूट आहे म्हणून बोटीवर उभा सोडून देऊ नका. आडवा झाला की पायाची बोटं कुणाचीही असू शकतात.

तारकर्लीकर

काकांनू, तुमचा तो खांद्यावरच्या ठशाचा हिशेब मी आज आमच्या टँकांवर करून बघितला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एटी आहेत, वजनात थोडा फरक निघाला. पोरं म्हणायची की तो एक टँक हलका लागतो, आम्ही त्यांना वेड्यात काढायचो. आता त्या टँकच्या गळ्यात लाल चिकटपट्टी लावलीय.

निळाई

माल्टाहून परत आले, तेव्हा हिशेब द्यायला हवा.

टँक लांब, १२ लिटरचाच निघाला. खांद्यावर बोट फिरवून वजन वाचत होते तर तिथला इन्स्ट्रक्टर विचारायला लागला, तुम्ही तपासणीवाल्या आहात का! पहिल्या डाइव्हला ४ घेतले. उतरताना खरंच दगडासारखी गेले; काकांनी सांगितलं नसतं तर घाबरले असते. शेवटी स्टॉपला ५० बारवर बीसीडी रिकामी केली तर हळूहळू खाली चालले होते. दुसऱ्या डाइव्हपासून ३. सूट बराच जुना होता, कोपरावर तर कागदासारखा झालेला, म्हणून असेल. त्या ३ वर स्टॉपला श्वासाबरोबर वर-खाली, वीतभरच. नवऱ्याने फोटो काढलाय, त्यात मी पाय मारत नाहीये हे विशेष. रोझी नावाची बुडवलेली टगबोट बघितली, पी-२९ वाऱ्यामुळे राहिली.

पार्श्वभाग वर जायचा थांबला. पण आता उलटंच, पाय खाली जातात. पोहायचं थांबवलं की हळूहळू उभी होते. वेट्स बेल्टवरच होती, कमरेला. अजून एक किलो कमी करू का?

खोलपाणी

छान. आणि नाही, किलो कमी करू नका. स्टॉपला स्थिर आहात ना, मग आकडा बरोबर आहे, जागा चुकलीय.

आधी टँक सरकवा. बीसीडीचा पट्टा टँकवर दोन-तीन बोटं खाली बांधा, म्हणजे टँक तुमच्या डोक्याकडे जाईल आणि त्याचं वजनही. डोकं मागे टेकवून बघा. व्हॉल्व्ह लागला तर जास्त झालं. तेवढ्याने भागलं नाही तर बेल्टवरचा एक किलो काढून बीसीडीच्या पाठीमागच्या वरच्या खिशात टाका. खिसा नसेल तर टँकच्या पट्ट्यात ओवता येणारा छोटा खिसा विकत मिळतो. उरलेले २ बेल्टवरच राहू द्या, कारण अडचणीत झटक्यात सोडून देता येतं ते तेवढंच. आणि फिन्स कुठल्या आहेत? रबराच्या जाड असतील तर पाय तिथूनच खाली जात असतील, त्या बदलून एकदा बघा.